‘मागीर बघू’ म्हणत चार वर्षं गेली, वीज बिलावर नाव अजून बाबांचंच

कुळागरकार

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला, वय ४६. पणजीत एका खासगी कंपनीत हिशेब बघतो. बाबा २०२१ च्या मे महिन्यात गेले. घराचं वीज बिल अजून त्यांच्या नावाने येतं. एक-चौदाच्या उताऱ्यावरही (आमचा जमिनीचा सातबारा म्हणा) तेच. सगळे कागद एका नाडीच्या फाईलीत घालून फ्रिजवर ठेवलेत. चार वर्षं आमची मांजर त्या फाईलीवर झोपते.

आणि कृपा करून ‘गोंयकार सुशेगाद’, म्हणजे गोव्याची माणसं निवांत, हे नको. बाबा पहाटे पाचला उठून कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पाणी सोडायचे. मीही आळशी नाही. ऑफिसचा जीएसटी दर महिन्याला २० तारखेच्या आत भरतो, एकदाही चुकलेलं नाही. पावसाआधी घराचे नळे (कौलं) परतून होतात. चवथीला माटोळीची, म्हणजे गणपतीवर टांगायची, कांगलां, आमाडे, तोरंजन दोन दिवस आधी घरात असतात. तारीख असली की मी करतो. या कामाला तारीख नाही.

शनिवारी सुटी. चहा घेताना ठरवतो, आज फाईल खाली काढायची. मग स्कूटर धुतो. परवाच्या शनिवारी मिक्सरच्या भांड्याचं रबर बदललं, जुनं अगदी चांगलं होतं. दुपारी जेवताना आईने विचारलं, ‘गेलो रे तू?’ म्हटलं, मागीर (नंतर) बघूया. आई आता विचारतच नाही, ते जास्त लागतं.

कोणी अशा कामातून सुटलंय का? ‘टू-डू लिस्ट करा’ सोडून काहीही सांगा. लिस्ट आहे. तिच्यात हे काम पहिल्या नंबरवर आहे, चार वर्षं.

आडकित्ता

एवढं टायपायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात तिस्क-फोंड्याला जाऊन आला असतास. आळसच हा, नाव काहीही दे.

कुळागरकार

आडकित्ताबाब, हे लिहायलासुद्धा चार दिवस लागले. चालू द्या.

डिचोलीची काकी

अरे बाबा, आडकित्त्याचं मनावर घेऊ नकोस. पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, मी वेळेत करते. सोलं, चिंच, मिठाची आंबली, सुकी सुंगटं (कोळंबी), सगळं मेअखेर बरणीत. का? जून काही माझ्यासाठी थांबत नाही म्हणून. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन मी दोन वर्षं लांबवलं. पुरणपोळीत डाळीचा खडा दिसेना तरी ‘बघू’ चाललं होतं. शेवटी सुनेने मला न विचारता तारीख घेतली, रिक्षावाल्याला सांगून ठेवलं आणि आदल्या रात्री माझी बॅग भरून दारात ठेवली. तेव्हा खूप भांडले तिच्याशी. आता सुईत दोरा ओवते. तुझ्या घरात बॅग भरणारं कोण आहे ते बघ.

मडगावची मास्तरीण

कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, म्हणून राहवलं नाही. चालढकल हा वेळेच्या नियोजनाचा प्रश्न आहे असं आपण धरून चालतो. फुशिया सिरॉय आणि टिमोथी पिचिल यांनी २०१३ साली वेगळी मांडणी केली: माणूस काम टाळत नसतो, ते काम समोर आलं की जे वाटतं ते टाळत असतो. तुम्ही स्कूटर धुतलीत तेव्हा तासभर बरं वाटलं ना? तेच बक्षीस. ते लगेच मिळतं, म्हणून पुढच्या शनिवारी परत तेच. तुमचं नियोजन उत्तम आहे, जीएसटीवरून दिसतंच. म्हणूनच आणखी एक वही करून उपयोग नाही.

तारखेबद्दल तुम्ही बरोबर बोललात, पण एक मेख आहे. एरिएली आणि वेर्टेनब्रोख यांच्या २००२ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी स्वतः ठरवलेल्या मुदतीचा थोडा फायदा झाला, पण दुसऱ्याने समान अंतराने घालून दिलेल्या मुदतीइतका नाही. म्हणजे काकींची सून जिंकली!

मला एवढंच विचारायचंय: फाईल उघडली की पहिलं काय दिसतं?

निवृत्त कारकून

नोटरीकडे तीस वर्षं कागद केले, त्यातून सांगतो. तुम्ही दोन कामं एका गाठोड्यात बांधलीत. बिलावरचं नाव वेगळं, जमिनीवरचं वेगळं. बिलाचं सुटसुटीत, ते आधी उरका. जमिनीला वारसा दस्त लागेल. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासून मुलगा-मुलगी समान वारस, आईचा अर्धा वाटा तिचा स्वतःचा, आणि दस्तात वारसांबरोबर त्यांच्या नवरा-बायकोचीही नावं येतात. तुम्हाला बहीण आहे? असली तर माझा अनुभव असा की दहातली आठ माणसं कचेरीला घाबरत नाहीत, त्या एका फोनला घाबरतात.

कुळागरकार

दोन दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा. दोघांनी नेमकं तेच विचारलंत.

फाईल उघडली की पहिलं बाबांचं अक्षर दिसतं. बिल भरलं की ते मागच्या बाजूला लाल बॉलपेनने तारीख घालायचे, कधी जोडीला एखादी ओळ. २०२१ च्या मार्चच्या बिलामागे लिहिलंय, ‘भरले. रांग नव्हती.’ त्याच्या पुढची सगळी बिलं मी मोबाईलवरून भरलीत, त्यांच्या मागची बाजू कोरी. तिथून पुढे मी कधी गेलोच नव्हतो.

बहीण आहे. साखळीला दिली आहे. कारकूनकाका, फोन केला. तिला भावोजींसकट सह्या कर म्हटलं तर ‘घर नावावर करून घेतोय’ असं वाटेल, हे डोक्यात होतं. काल रात्री जेवण झाल्यावर आईसमोर बसून केला, आईनेच नंबर लावला (काकी, बॅग आईने भरली). ताई म्हणाली, ‘मी विषय काढला असता तर तुला वाटलं असतं वाटा मागते. म्हणून गप्प होते.’ मग पाऊण तास भलतंच बोललो. तिच्याकडची म्हैस व्यालीय.

जमिनीचं अजून काही ठरलेलं नाही, ताईला आधी भावोजींशी बोलायचंय. पण सोमवारी ती सकाळच्या बसने येते, फोंडा स्टँडवर भेटतो आणि बिलाचा अर्ज घेऊन दोघं जातो. मी अर्धी रजा टाकली आहे. मार्चचं ते बिल मात्र फाईलीतून काढून ठेवलंय, ते कुणाला द्यायचं नाही.

मृत्यूच्या दाखल्याच्या झेरॉक्स किती काढू? पाच पुरतील?

निवृत्त कारकून

दहा काढा. पाच ताईकडे ठेवा.