लग्न ठरलंय, दोघांनी मिळून बघायला एक पिक्चर सांगा (दोन तास, दोनशे रुपये)

शहापूरची_लेक
नमस्कार मंडळी. माझं लग्न ठरलंय. सुपारी फुटली, साखरपुडा मे महिन्यात. मुलगा बेंगळुरात नोकरीला, मी इथं बेळगावात एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामावर. रोज रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल होतो. जेवलीस काय, जेवलास काय, भाजी काय होती, याच्यापुढं गाडी सरकत नाही. माणूस चांगला आहे, मला आवडलाय, म्हणूनच काळजी वाटते.

तर ठरवलंय की रविवारी दुपारी दोघांनी आपापल्या घरी एकच पिक्चर एका वेळी लावायचा आणि फोन चालू ठेवायचा. प्रेमाचा, हसताखेळता हवा. पण मी बघितलेले बहुतेक पिक्चर पोरीनं हो म्हटलं की संपतात. आमचं हो आधीच झालंय. त्याच्या पुढचं, कुणी कुठं राहायचं, कुणाची नोकरी सुटणार, असलं काही ज्यात आहे तो सांगा.

अटी: दोन तासांच्या आत. भाड्यानं घ्यायचा झाला तर २०० रुपयांपर्यंत. मराठी किंवा हिंदी. तो धारवाडला कन्नड माध्यमात शिकलाय, मराठी चांगलं बोलतो पण वाचायला वेळ लागतो. आणि आमच्या हॉलमध्ये आजी बसलेली असते, तेवढं ध्यानात घ्या.

निपाणीकर
अभिनंदन! पण घरी कशाला बघताय ओ, थेटरात जावा. मी लग्नाआधी बायकोला कोल्हापूरला नेलं होतं, २०१० साली, 'मुंबई-पुणे-मुंबई' बघायला. सासऱ्यांनी धाकट्या मेव्हण्याला सोबत धाडलं होतं. तो मधल्या खुर्चीत, मांडीवर पॉपकॉर्नचा पुडा. आम्ही दोघं दोन बाजूंनी त्या पुड्यात हात घालत होतो. पूर्ण पिक्चरभर एवढाच संवाद, पण आजही आठवतंय. तोच बघा. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी, एक दिवस पुण्यात फिरतात, एकमेकांना नावं पण सांगत नाहीत.

कॅम्प_वाला
छोटा प्रोजेक्टर घ्या. मी आठ हजाराला घेतला, पांढऱ्या चादरीवर काय दिसतंय म्हणून सांगू! टीव्हीवर बघणं मी सोडूनच दिलंय.

शहापूरची_लेक
दादा, २०० रुपये लिहिलंय वर. आणि तो तिकडं, मी इकडं, थेटरात कसं जाणार?

खानापूर_रोड
मीपण 'मुंबई-पुणे-मुंबई'च म्हणणार होतो. पण तुमच्यासाठी पहिला नव्हे, २०१५ मध्ये आलेला दुसरा भाग. पहिला भेटण्याचा आहे. दुसऱ्यात लग्न ठरलंय आणि ऐन वेळी तिच्या मनात चलबिचल सुरू होते. तुमचा प्रश्न तोच आहे. माझ्या बहिणीनं साखरपुडा झाल्यावर बघितला आणि मध्येच उठून गच्चीवर गेली. तासानं खाली आली तेव्हा तिनं नवऱ्याला फोन करून सगळं विचारून घेतलं होतं.

टिळकवाडी_वकील
जुने बघायचे झाले तर 'छोटी सी बात' आहे, १९७६ चा. अमोल पालेकर बसस्टॉपवर तिला रोज बघतो, मागं मागं जातो, बोलायचं धाडस होत नाही. मग खंडाळ्याला जाऊन अशोक कुमारकडून डावपेच शिकून येतो. मी कॉलेजात असताना हा पिक्चर माझा जीव की प्राण होता. आता अर्धा बघून बंद करते. तिनं काही म्हटलेलं नसताना पाठलाग करणं यात गोड कसलं? २०१३ मध्ये कायद्यात ३५४-ड कलम आलं, तिनं नको असं स्पष्ट दाखवूनही मागं लागणं गुन्हा ठरला. आता भारतीय न्याय संहितेत तेच ७८ व्या कलमात आहे. माझ्याकडं येणारी पोरं खरोखर सांगतात, 'मॅडम, पिक्चरात तर शेवटी पटते.' आईबाप बाहेर बाकड्यावर रडत बसलेले असतात.

निपाणीकर
मॅडम, तो पालेकर साधा भोळा माणूस आहे, त्याला गुन्हेगार काय करता?

टिळकवाडी_वकील
तो भोळा आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण कॅमेरा त्याच्या बाजूनं आहे. तिला कसं ठाऊक असणार?

अनगोळ_नाका
मॅडमचं शंभर टक्के पटलं. माझं सांगतो. २०१९ मध्ये एक मुलगी नोकरीसाठी हैदराबादला निघाली होती. आमचं भांडण झालेलं. मी पिक्चरासारखा गाडी काढून सांबऱ्याला विमानतळावर गेलो. तिकिटाशिवाय दारातून आत सोडत नाहीत, हे मला कुठं ठाऊक! तिला फोन लावला, तिनं घेतला नाही. दीड तास उन्हात उभा. तिचे वडील तिला सोडायला आले होते, त्यांनी तिथंच मला बघितलं आणि शांतपणे म्हणाले, 'तुला जे बोलायचं होतं ते मागच्या महिन्यात घरी येऊन बोलायचं होतं.' ते वाक्य अजून कानात आहे. पिक्चरवाले शेवटच्या दहा मिनिटांत धावाधाव दाखवतात, मागचा महिना कुणी दाखवत नाही. पिक्चर सुचवत नाही, एवढंच सांगायचं होतं.

बेंगळुरात_बेळगावकर
मी चार वर्षं इथं आहे. धडकून पुस्तकं खाली पडली आणि प्रेम झालं असं एकाचंही बघितलं नाही. अॅपवर ओळख होते, दहा-बारा दिवस बोलणं, मग समोरची व्यक्ती एकदम गायब. ना भांडण, ना निरोप. आणि बेळगावात सुट्टीला आल्यावर तेच अॅप दहा किलोमीटरच्या घेरात उघडलं तर निम्मी तोंडं ओळखीची. एकदा शेजारच्या गल्लीतल्या ताईच आल्या, दोघांनीही पुढं कधी विषय काढला नाही. यावर कुणी चांगला पिक्चर केला तर मी तीनदा बघेन.

तुमच्यासाठी कन्नड 'मुंगारु मळे', २००६. नवरा कन्नड माध्यमातला आहे ना, त्याचा जीव असणार त्याच्यावर. हिरो गणेश शेवटी हिरॉईनला मिळवत नाही, तिचं ठरलेलं लग्न होऊ देतो. जोग धबधबा आणि पाऊस, बास!

खानापूर_रोड
ताईंनी मराठी-हिंदी म्हटलंय. आणि लग्न ठरलेल्या माणसाला दुसऱ्याशी लग्न लावून देणारा पिक्चर कशाला दाखवताय?

बेंगळुरात_बेळगावकर
त्याला वाचायला मराठी जड जातं तर तिनं पडद्यावरच्या खालच्या ओळी (सबटायटल) वाचत कन्नड बघावा. आम्ही बेळगावची माणसं दोन्ही भाषांत वाढलोय, एवढं जमायला हवं.

(इथून पुढं एकवीस उत्तरं भाषेवर आणि खालच्या ओळींवर गेली. चर्चा पुन्हा मूळ प्रश्नाकडं आणूया. - संचालक)

वडगावची_काकू
बाळ, 'दम लगा के हईशा' बघ. २०१५ चा, दोन तासांच्या आतला. हरिद्वारचा कॅसेटच्या दुकानातला पोरगा, घरच्यांच्या दबावानं लग्न करतो. बायको जाड, पण त्याच्यापेक्षा शिकलेली, तिला मास्तरीण व्हायचंय. मित्रांच्या समोर तो तिच्याबद्दल घाण बोलतो आणि ती ऐकते. ऐकून गप्प बसत नाही, तिथंच कानाखाली देते आणि घर सोडते.

माझं १९९१ मध्ये लग्न झालं. घरात मागच्या खोलीत कापड विणायचा माग, दिवसभर खडखड. त्या आवाजात नवरा-बायकोनं काही बोललं तरी ऐकू यायचं नाही. रात्री माग थांबला की शांतता अंगावर यायची आणि आम्हाला बोलायलाच यायचं नाही. सहा महिन्यांनी त्यांनी पहिल्यांदा विचारलं, 'तुला हा रंग आवडतो काय?' धोट्यातल्या कांडीवर हिरवं सूत होतं. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी जांभळं होतं. तुझा मुलगा रोज जेवलीस काय विचारतोय, ते कमी समजू नकोस. पण तुला काय आवडत नाही ते तूच आधी सांग.

कॅम्प_वाला
काकूंचं बरोबर. प्रोजेक्टर सेकंडहँड पाच हजारात मिळतोय, कुणाला हवा असेल तर बघा.

टिळकवाडी_वकील
'मुरांबा' कुणीच कसं सांगितलं नाही? २०१७. पोरा-पोरीचं मोडतं आणि मुलाचे आई-वडील बसून विचारतात, का मोडलं. सचिन खेडेकर आणि चिन्मयी सुमीत. आपल्या घरांत आईबाप 'लोक काय म्हणतील' विचारतात, 'काय झालं' विचारत नाहीत.

शहापूरची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, तुमचं दोनदा वाचलं. पण आम्ही वेगळाच बघितला. शनिवारी मी हॉलमध्ये यादी वाचत बसले होते तर आजी म्हणाली, 'विद्या सिन्हाचा तो लाव की, फुलं आणतो तो.' म्हणजे 'रजनीगंधा', १९७४. मन्नू भंडारींच्या 'यही सच है' कथेवरचा. तिचं दिल्लीत ठरल्यासारखंच आहे. नोकरीच्या मुलाखतीला मुंबईला जाते, तिथं जुना ओळखीचा भेटतो, आणि कुणावर प्रेम आहे ते तिचं तिलाच कळेना होतं. कुणी वाईट नाही. दिल्लीचा संजय वेळेवर येत नाही, आला की ऑफिसच्या आणि बढतीच्या गोष्टी. पण माणूस निर्मळ.

चाळीसेक मिनिटं झाली असतील, फोनवरून आवाज आला, 'थांबव जरा. मीपण ऑफिसचंच बोलत बसतो काय?' मी हो म्हटलं. मग मी सांगितलं, मला लॅब सोडायची नाही, इथं सात वर्षं काढलीत, बेंगळुरात तसंच काम मिळालं तरच येईन. हे मी आजवर कुणालाच बोलले नव्हते. तो बराच वेळ गप्प. आजीनं टीव्हीचा आवाज आपणहून बंद केला आणि उठून आत गेली. पिक्चर अर्धाच राहिलाय.

वडगावची_काकू
मग काय म्हणाला?

शहापूरची_लेक
शनिवारी राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं येतोय. उरलेला इथं आजीसोबत बघू म्हणाला, आणि माझी लॅब बघायची आहे म्हणाला.