दोन जॉइन लावले की बेरीज फुगते: क्वेरी चुकली की टेबलंच?

अर्धवट_स्कीमा

डेटाबेसचा पहिलाच कोर्स आहे आणि प्रकल्पाला ग्रंथालय मिळालंय. आमची टेबलं अशी:

सभासद (सभासद_क्र, नाव)
पुस्तक (पुस्तक_क्र, शीर्षक, लेखक, एकूण_प्रती)
देवघेव (देवघेव_क्र, सभासद_क्र, पुस्तक_क्र, नेल्याची_तारीख, परत_तारीख)
दंडभरणा (भरणा_क्र, सभासद_क्र, तारीख, रक्कम)

अहवाल साधा हवाय. प्रत्येक सभासदाने किती वेळा पुस्तक नेलं आणि एकूण किती दंड भरला, एवढंच. मी एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) लिहिलेली, जॉइनने टेबलं जोडणारी क्वेरी:

सिलेक्ट स.नाव, काउंट(द.देवघेव_क्र), सम(भ.रक्कम)
फ्रॉम सभासद स
जॉइन देवघेव द ऑन द.सभासद_क्र = स.सभासद_क्र
जॉइन दंडभरणा भ ऑन भ.सभासद_क्र = स.सभासद_क्र
ग्रुप बाय स.सभासद_क्र, स.नाव

ज्या सभासदाच्या ३ देवघेवी आहेत आणि ज्याने १० आणि ५ असे दोनदा दंड भरलेत, त्याच्यापुढे ६ आणि ४५ येतंय. यायला हवं ३ आणि १५. ज्यांनी कधीच दंड भरला नाही ते तर यादीतून गायबच. एरर काही नाही, क्वेरी बिनबोभाट चालते.

गटातला मित्र म्हणतो, सगळं एकाच टेबलात ठेवलं असतं तर जॉइनची भानगडच नव्हती. नॉर्मलायझेशन करून (माहिती वेगवेगळ्या टेबलांत विभागून) आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. आणि आराखडा तपासताना सरांनी समासात एवढंच लिहिलंय: "पुस्तक म्हणजे नक्की काय, ते आधी ठरवा." त्याचा अर्थही कळलेला नाही. क्वेरी चुकलीय की टेबलंच चुकलीत?

सेमीकोलन

काउंट आणि सम दोन्हीच्या आत डिस्टिंक्ट टाक. लेफ्ट जॉइन कर म्हणजे गायब झालेले परत येतील. दोन मिनिटांचं काम.

मागचा_बाक

लेफ्ट जॉइनचं बरोबर आहे. डिस्टिंक्टचा सल्ला मात्र घेऊ नकोस, निदान समच्या आत तरी नाही. मी या विषयाची प्रात्यक्षिकं घेते आणि ही दुरुस्ती दर सत्रात कुणाच्या तरी वहीत सापडतेच, कारण नमुन्याच्या डेटावर उत्तर बरोबर येतं. सम(डिस्टिंक्ट भ.रक्कम) म्हणजे वेगवेगळ्या रकमांची बेरीज. तुझ्या सभासदाने १० आणि ५ भरलेत म्हणून १५ आलं. उद्या कुणी १० आणि पुन्हा १० भरले की उत्तर येईल १०, आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. ४५ दिसल्यावर निदान तुला शंका तरी आली.

आता एक कर. ग्रुप बाय, काउंट आणि सम काढून टाक, आणि त्या एका सभासदाच्या नुसत्या ओळी बघ:

१०१ | १०
१०१ | ५
१०२ | १०
१०२ | ५
१०३ | १०
१०३ | ५

डावीकडे देवघेव_क्र, उजवीकडे रक्कम. यातली एक ओळ म्हणजे काय, ते मराठीत पूर्ण वाक्यात सांगून बघ. "या सभासदाची एक देवघेव आणि त्याच सभासदाचा कुठलातरी एक भरणा, यांची जोडी." असल्या जोड्या तुला कुणी मागितल्या होत्या? १०२ क्रमांकाच्या देवघेवीचा त्या ५ च्या भरण्याशी काय संबंध? तुझ्या टेबलांत तर काहीच नाही. दोघांत सामायिक आहे तो फक्त सभासद, म्हणून तीन देवघेवी गुणिले दोन भरणे अशा सहा ओळी झाल्या. सम बिचारं समोर आलेलं इमानाने मोजतंय. पाठ्यपुस्तकात याला फॅन ट्रॅप म्हणतात: एकाच एन्टिटीतून (इथे सभासदातून) दोन एकास-अनेक फांद्या निघतात आणि आपण त्या एकमेकींना जोडायला जातो.

"एक ओळ म्हणजे काय?" हा प्रश्न मी प्रत्येक टेबलाला आणि प्रत्येक जॉइनला विचारायला लावते. पोरं वैतागतात. पण तुझ्या तिन्ही तक्रारी, म्हणजे फुगलेली बेरीज, मित्राचं एकच टेबल आणि सरांचा शेरा, याच प्रश्नाची वेगवेगळी रूपं आहेत.

आधी क्वेरी. तुला हवी आहे "एक ओळ = एक सभासद". तर जोडण्याआधीच दोन्ही फांद्या तेवढ्या आखडून घे:

सिलेक्ट स.नाव,
  कोअलेस(द.किती, ०), कोअलेस(भ.एकूण, ०)
फ्रॉम सभासद स
लेफ्ट जॉइन (सिलेक्ट सभासद_क्र, काउंट(*) अॅज किती
  फ्रॉम देवघेव ग्रुप बाय सभासद_क्र) द
  ऑन द.सभासद_क्र = स.सभासद_क्र
लेफ्ट जॉइन (सिलेक्ट सभासद_क्र, सम(रक्कम) अॅज एकूण
  फ्रॉम दंडभरणा ग्रुप बाय सभासद_क्र) भ
  ऑन भ.सभासद_क्र = स.सभासद_क्र

आतल्या प्रत्येक सबक्वेरीत (कंसातल्या क्वेरीत) सभासदामागे जास्तीत जास्त एकच ओळ आहे, म्हणून गुणाकार झाला तरी तो एक गुणिले एक. बाहेर ग्रुप बायची गरजच उरली नाही. कोअलेस नल, म्हणजे रिकामी किंमत, दिसली की तिथे ० घालतं.

पण मला खटकतंय ते दुसरंच. दंड सभासदाला का लागतो? पुस्तक उशिरा आणलं म्हणून. म्हणजे दंड हा एका विशिष्ट देवघेवीचा. मग दंडभरण्यात सभासद_क्र कशाला? देवघेव_क्र ठेव, सभासद त्यावरून कळतोच. तसं केलंस की दोन फांद्यांची एक साखळी होते: सभासद, त्याच्या देवघेवी, त्या देवघेवींचे भरणे. साखळीत प्रत्येक भरणा एकदाच येतो, त्यामुळे समची बेरीज बरोबर. काउंट मात्र अजूनही फसवेल. १०१ चा दंड दोन हप्त्यांत भरला असेल तर १०१ दोनदा मोजली जाईल आणि ३ ऐवजी ४ दिसेल. इथे काउंट(डिस्टिंक्ट द.देवघेव_क्र) अगदी योग्य आहे, कारण देवघेव_क्र ही की आहे, दोन वेगळ्या देवघेवींचा क्रमांक सारखा असूच शकत नाही. रकमेला तशी कुठलीच हमी नाही. म्हणून सेमीकोलनचा निम्मा सल्ला चालला असता आणि निम्म्याने घात केला असता.

अर्थात ग्रंथालयात उशिराखेरीज इतरही दंड असतील, ओळखपत्र हरवल्याचा वगैरे, तर हे बदलेल. ते ग्रंथालयाला विचारून ठरवायचं. एसक्यूएलला नाही.

आता मित्राचं एकच टेबल. त्यात एक ओळ म्हणजे काय? देवघेव म्हणावं, तर दोन हप्त्यांचा दंड कुठे बसवणार? भरणा म्हणावं, तर दंडच न लागलेली देवघेव कुठे जाणार? शीर्षक प्रत्येक ओळीत पुन्हा लिहिलं जाणार, आणि शुद्धलेखन एका ओळीत सुधारून दुसरीत राहिलं की एकाच पुस्तकाची दोन नावं. नवं पुस्तक आलंय पण कुणी नेलेलं नाही, तर ते नोंदवायला जागाच नाही. एकुलती एक देवघेव पुसली की पुस्तकही नाहीसं. कोर्समध्ये याला अपडेट, इन्सर्शन आणि डिलीशन अॅनॉमली म्हणून पाठ करून घेतात, आणि उदाहरणं इतकी बेगडी असतात की कुणाला त्याचं काही वाटत नाही. तुझ्याकडे खरं उदाहरण आहे, वापर.

जॉइनला शिक्षा समजू नकोस म्हणून थोडा इतिहास. रिलेशनल मॉडेलच्या आधीच्या श्रेणीबद्ध आणि नेटवर्क प्रकारच्या डेटाबेसमध्ये एका नोंदीवरून दुसरीवर कसं जायचं ती वाट प्रोग्रामरला माहीत असावी लागे, आणि साठवणीची रचना बदलली की प्रोग्राम मोडत. १९७० मध्ये आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं: डेटा टेबलांत, नाती मूल्यांवरून, आणि वाट शोधणं हे यंत्रणेचं काम. एसक्यूएल त्यानंतर, १९७४ मध्ये, आयबीएममधल्याच चेंबरलिन आणि बॉइस यांचं. आधी तिचं नाव सीक्वेल होतं. आपण चौकोन आणि शंकरपाळ्यांची जी ईआर (एन्टिटी-रिलेशनशिप) आकृती काढतो ती पीटर चेन यांची, १९७६ची. म्हणजे कागदावर न नोंदलेलं नातंसुद्धा क्वेरीत ऐन वेळी विचारता यावं, यासाठीच तर जॉइन आहे. त्या मोकळेपणाची दुसरी बाजू अशी की निरर्थक नातं विचारलंस तरी यंत्रणा मुकाट्याने उत्तर देते.

अर्धवट_स्कीमा

सबक्वेरीवाली चालली, ३ आणि १५ आलं! पण आता नवीन भुतं निघालीत.

१) एका जॉइनवर सराव करताना लेफ्ट जॉइनसोबत काउंट(*) वापरलं, तर काहीच न नेलेल्या सभासदापुढेही १ येतो.
२) "फक्त २०२४ मधले भरणे" अशी अट व्हेअरमध्ये टाकली की दंड न भरलेले पुन्हा गायब.
३) एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये अस्तित्वातच नसलेल्या सभासदाच्या नावे देवघेव घातली, तर निमूट घेतली. फॉरेन की (देवघेवीतला सभासद_क्र सभासद टेबलात असलाच पाहिजे, ही अट) तर लिहिलीय आम्ही.

आणि ताई, सरांच्या शेऱ्याचं राहिलं.

मागचा_बाक

पहिलं. काउंट(*) ओळी मोजतं आणि लेफ्ट जॉइनने त्या सभासदासाठी एक ओळ ठेवलेली असते, उजवीकडे सगळं नल. काउंट(द.देवघेव_क्र) लिही, ते नल मोजत नाही, शून्य येईल.

दुसरं. व्हेअर जॉइननंतर लागतं. न भरलेल्याची तारीख नल, नलची २०२४ शी तुलना केली तर उत्तर खरंही नाही आणि खोटंही नाही, "अज्ञात". व्हेअर फक्त खरं ठरलेलं आत घेतं. लेफ्ट जॉइन लिहूनही तो साध्या जॉइनसारखाच वागला. अट ऑनमध्ये हलव, किंवा आतल्या सबक्वेरीत. याच कारणाने "परत_तारीख = नल" कधीच काही सापडवत नाही, "इज नल" लागतं.

तिसरं. एसक्यूलाइट फॉरेन की तपासतच नाही, जोवर तू प्रत्येक कनेक्शनवर "प्रॅग्मा फॉरेन_कीज = ऑन" म्हणत नाहीस. मागच्या आवृत्त्यांशी जुळावं म्हणून तसं ठेवलंय, आणि नवशिक्यांच्या हाती तेच देतात, काय बोलावं!

आणि सरांचा शेरा. मला वाटतं, चारही टेबलांतला मूळ प्रश्न तोच आहे. तुझ्या पुस्तक टेबलात एक ओळ म्हणजे काय? शीर्षक आहे, म्हणजे छापलेली कृती. एकूण_प्रती आहे, म्हणजे कपाटातल्या वस्तू. सभासद घरी नेतो ती वस्तू, कृती नाही. समज ५ प्रती आहेत, दोन बाहेर आहेत आणि त्यातली एक पानं फाटून आली. फाटलेली कुणी आणली, हे तुझी देवघेव सांगू शकत नाही. म्हणून:

पुस्तक (पुस्तक_क्र, शीर्षक, आयएसबीएन)
प्रत (प्रत_क्र, पुस्तक_क्र, स्थिती)
देवघेव (देवघेव_क्र, सभासद_क्र, प्रत_क्र, नेल्याची_तारीख, परत_तारीख)

एकूण_प्रती पार काढून टाक. ती मोजून मिळते. साठवलीस की कधीतरी खऱ्या संख्येशी तिचं बिनसणार. लेखक कॉलमही संशयास्पद आहे. दोन लेखक असले तर स्वल्पविराम घालणार ना? मग एका लेखकाची पुस्तकं शोधताना लाइक लावत बसशील. लेखक (लेखक_क्र, नाव) आणि पुस्तक_लेखक (पुस्तक_क्र, लेखक_क्र) अशी वेगळी टेबलं कर, दुसऱ्यात दोन्ही क्रमांक मिळून की.

आयएसबीएनलाच (पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय क्रमांकालाच) प्रायमरी की, म्हणजे ओळ ओळखायची मुख्य खूण, करायचा मोह होईल, तो टाळ. ती पद्धत आंतरराष्ट्रीय मानक झाली १९७० मध्ये. त्याआधीच्या बहुतेक पुस्तकांवर क्रमांकच नसतो, आणि २००७ पासून तो दहाऐवजी तेरा अंकी झाला. युनिक ठेव, नल चालू दे.

आणि प्रत वेगळी केल्यावर एक नियम फुकटात लिहिता येतो: एक प्रत एका वेळी एकाकडेच.

क्रिएट युनिक इंडेक्स बाहेर_एकदाच
ऑन देवघेव (प्रत_क्र) व्हेअर परत_तारीख इज नल

पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट या दोन्ही डेटाबेसमध्ये चालतं. जुन्या आराखड्यात हे लिहिताच आलं नसतं, कारण त्यात प्रत नावाची गोष्टच नव्हती.

सेमीकोलन

समबद्दल मान्य. पण कंपनीत अहवालासाठी सगळं एकत्र केलेली रुंद टेबलं सर्रास असतात. तिथे कुणी नॉर्मल फॉर्म मोजत बसत नाही. हेही पोराला सांगा की.

मागचा_बाक

असतात, आणि योग्य जागी असतात. पण ती मूळ टेबलांतून तयार होतात, बिघडली तर पुसून पुन्हा बनवता येतात. अर्धवट_स्कीमाच्या मित्राला रुंद टेबल हेच मूळ टेबल करायचं होतं. आणि चांगल्या रुंद टेबलाच्या वर्णनात पहिली ओळ काय लिहिलेली असते ते बघा: एक ओळ म्हणजे एक दिवस-शाखा, किंवा एक ग्राहक-महिना, असलं काहीतरी. जिथे ते लिहिलेलं नसतं तिथल्या बेरजा मी एकदा हाताने ताडून घेते.

अर्धवट_स्कीमा

प्रत वेगळी केली. देवघेवीतला पुस्तक_क्र आता काढू ना? प्रतीवरून कळतोच.

मागचा_बाक

काढ. ठेवलास तर प्रत एका पुस्तकाची आणि देवघेव दुसऱ्याच पुस्तकाची, अशी ओळ कुणीतरी घालेल. थर्ड नॉर्मल फॉर्म यालाच नाही म्हणतो: देवघेव_क्र वरून प्रत_क्र ठरतो, प्रत_क्र वरून पुस्तक_क्र ठरतो, मग पुस्तक_क्र प्रत टेबलातच हवा. तोंडी परीक्षेत व्याख्या विचारली तर हेच उदाहरण दे.