मदत हवी आहे: समीकरणं असलेल्या स्कॅन नोट्स स्क्रीन रीडरला वाचता येतील अशा कशा करायच्या?

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण संख्याशास्त्रात एमएससी करतेय. तिला दिसत नाही. एनव्हीडीए हा स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा मोफत स्क्रीन रीडर ती वापरते, त्यावर तिचा हात छान बसलाय. अडतं ते नोट्सपाशी. विभागाकडून येतात त्या स्कॅन केलेल्या पीडीएफ, म्हणजे नुसती चित्रं; फाइल उघडली की स्क्रीन रीडर गप्प. टेसरॅक्ट या प्रोग्रॅमने ओसीआर केलं, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकुरात आणली, तर साधा मजकूर बऱ्यापैकी निघतो, पण समीकरणांचा पार चुराडा होतो. 'एक्सचा वर्ग' तिला नुसता 'एक्स दोन' ऐकू येतो. यावर अभ्यास करायचा तरी कसा?

समीकरण मॅथएमएलमध्ये, म्हणजे वेबवर गणित लिहायच्या कोडमध्ये, असेल तर स्क्रीन रीडरला जोडलेलं मॅथकॅट हे सॉफ्टवेअर ते व्यवस्थित वाचतं. पण स्कॅनमधून मॅथएमएलपर्यंत तुम्ही कशाने जाता? आणि आलेखांचं काय करता?

दुसरं, ग्रंथालय कॉपीराइटचं कारण सांगून पुस्तकांच्या फाइल देत नाही. २०१३ चा माराकेश हा आंतरराष्ट्रीय करार नेमका अशा दृष्टिहीन वाचकांसाठी सुलभ प्रती करता याव्यात म्हणून झालाय. त्याचा आधार घेऊन कुणी फाइल मिळवली असेल तर अर्ज कुणाकडे केला, त्यात काय लिहिलं, ते कृपया सांगा. परीक्षा तोंडावर आलीय.