वाढत्या अंगाचं : लहान मुलांच्या आया आणि घरची शिलाई

गेल्या आठवड्यात लेकीच्या हिरव्या फ्रॉकचा शेवटचा दाब उसवला. फ्रॉक शिवला तेव्हा ती अडीच वर्षांची होती. खालच्या घडीत चार इंच आणि काखेखाली दोन्ही बाजूंना इंच-इंच कापड दाबून ठेवलं होतं. तीन वर्षांत ते थोडं थोडं सोडत आले. आता घडीला काहीच उरलं नाही, म्हणून आतून दुसऱ्या कापडाची पट्टी लावून कड दुमडली. बाहेरचं कापड धुऊन धुऊन पोपटी झालंय, दाबातलं अजून गर्द हिरवं आहे आणि जिथे जिथे घडी होती तिथे एकेक रेघ उमटली आहे. लेक रेघेवर बोट ठेवून विचारते, "आई, मी इथपर्यंत होते?"

याला आपल्याकडे वाढत्या अंगाचं शिवणं म्हणतात. माझ्या आईने मला असंच शिवलं, तिच्या उषाच्या काळ्या पायमशीनवर, आणि आज तीच मशीन माझ्याकडे आहे. तयार कपडे स्वस्त झालेत, घरोघरी भरपूर आहेत, तरी कितीतरी आया मुलं झोपली की मशीनचं झाकण उघडतात. तुम्ही काय शिवलंत, वेळ कुठून काढलात, काय फसलं, ते मनापासून लिहा. आणि मापं लिहा. "थोडंसं जास्त कापड" असं वाचून काहीच हाती लागत नाही, ते थोडंसं किती हेच तर हवं असतं.

सुरुवात माझ्यापासून, पुण्याहून. लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला छत्रीचा, म्हणजे खालचा भाग पूर्ण गोल कापलेला, फ्रॉक घेतला शिवायला. वरच्या भागाचा घेर 22 इंच, भागिले 6.28, म्हणजे कंबरेच्या गोलाची त्रिज्या साडेतीन. कापडाची चौघडी केली, कोपऱ्यावर टेप धरून साडेतीन इंचांवर खडू फिरवला आणि त्याच रेघेवर कात्री चालवली. मग अर्धा इंच शिलाई धरली. तिथे सगळं बिघडलं, कारण गोलात शिलाई आत घेतली की घेर कमी होत नाही, वाढतो. साडेतीनचे चार झाले आणि 22 चे 25. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, सकाळी पाहुणे. ते तीन इंच कंबरेला बारीक चुण्या घालून जिरवले. आता खडूच्या दोन रेघा आखते, शिलाईची साडेतीनवर आणि कात्रीची तीनवर.

नाशिक, दोन मुलगे, साडेचार आणि दीड वर्षांचे

आमची मशीन हॉलमध्येच आहे, दुसरीकडे जागा नाही. म्हणून मी सुरक्षेबद्दलच लिहिते.

मोठा दोन वर्षांचा असताना मी दार उघडायला उठले आणि त्याने चाक फिरवलं. सुई नखाच्या कडेला लागली आणि मोडली. टोक आत राहिलं असेल या भीतीने एक्स-रे काढला. सुदैवाने नव्हतं. पण तो अर्धा तास मी विसरणार नाही.

तेव्हापासून उठताना तीन गोष्टी करते. मशीनचा पट्टा उतरवते. कापड दाबणारा फूट खाली टाकते. आणि चाकाच्या मधोमध जी चकती असते, बॉबिन भरताना आपण सैल करतो ती, सैल करून ठेवते. मग चाक कितीही फिरवलं तरी सुई जागची हलत नाही. ही सोय जुन्या काळ्या मशीनमध्ये असतेच, फक्त आपण ती बॉबिनपुरती वापरतो. टाचण्यांसाठी जुन्या स्पीकरचा लोहचुंबक जमिनीवरून फिरवते, मुलांना खाली सोडण्याआधी. सुई मोडली तर सगळे तुकडे जुळवून, कागदात गुंडाळून मगच उठते. दारात कोणीही असू दे.

इचलकरंजी, तीन मुलं

मी बाहेरचे ब्लाऊज शिवते, त्यामुळे मुलांचं शिवण नेहमी सगळ्यात शेवटी. धाकटा तान्हा होता तेव्हा झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून हातशिलाई करायची, हुक लावायचे, काजं करायची. तो झोपला की दोरी सोडून मशीनवर बसायचं. आमच्याकडे मुलं आवाजाने उठत नाहीत. चारी बाजूंनी माग चालू असतात, त्या खडखडाटातच ती वाढतात. लाईट गेली, माग थांबले, की गल्लीतली तान्ही एकदम रडायला लागतात. माझाही मशीन थांबली की डोळे उघडायचा.

झबल्याचं सांगते. पहिली दोन-तीन झबली नव्या कापडाची करू नयेत, जुन्या सुती लुगड्याची करावीत. कापड शेकडो धुण्यांनी मऊ झालेलं असतं. खांद्याला जोड देऊ नका, अख्खी घडी घालून कापा. मी उंची 12 आणि छातीचा घेर 18 इंच धरते. शिलाया बाहेरच्या बाजूला येऊ द्या, दिसल्या तर दिसल्या, बाळाच्या कातडीला घासत नाहीत. गळ्याची नाडी आखूड ठेवा आणि मधोमध टाका मारा, म्हणजे ओढून लांब होत नाही.

आता जे सांगते ते नीट वाचा. मोठीला मी फ्लॅनेलचे पायमोजे शिवले होते. एका संध्याकाळी ती काही केल्या गप्प बसेना. दूध घेईना, मांडीवर राहीना, पोट दुखतंय म्हणून हिंग लावून झाला. सासूबाईंनी अंगावरचं सगळं उतरवलं तेव्हा दिसलं, मोज्यातला सुटा दोरा करंगळीशेजारच्या बोटाला गुंडाळला होता. बोट लालबुंद होऊन फुगलं होतं, आणि दोरा कातडीत इतका रुतला होता की दिव्याखाली धरल्याशिवाय दिसेना. दवाखान्यात बारीक कात्रीने कापला. बोट वाचलं. आज ती नऊ वर्षांची आहे. तेव्हापासून तान्ह्याचं काहीही शिवलं, हातमोजे, पायमोजे, कुंची, की आधी उलटं करते, एकेक दोरा कापते आणि आतून स्वतःचं बोट फिरवते. बाळ विनाकारण रडत असेल तर मोजे काढून बोटं बघा. पोटाच्या आधी बोटं.

डोंबिवली, एक मुलगी

इचलकरंजीच्या ताई, वाचून लगेच लेकीचे मोजे उलटे करून पाहिले. दोन दोरे सापडले. कापले.

माझं छोटंसंच. नवऱ्याचे जुने सुती शर्ट, कॉलर विरलेली पण पाठ चांगली, यातून दोन वर्षांच्या मुलीचा फ्रॉक निघतो. शर्टाची बटणपट्टी फ्रॉकच्या पाठीवर घ्यायची. काजं-बटणं आयती मिळतात. कापड आटायची भीतीही नाही, आटायचं तेवढं कधीच आटलेलं असतं. नव्या सुती कापडाचा एक कुर्ता मी न भिजवता शिवला होता, पहिल्याच धुण्यात बाह्या वर गेल्या. आता नवं कापड रात्रभर पाण्यात, मग सावलीत वाळवून, इस्त्री करून, तेव्हा कात्री.

टोकियो, निशी-कासाई, मुलगा सहा वर्षांचा

मी भारतात असताना बटणसुद्धा लावलेलं नव्हतं. शिवण मला इथल्या बालवाडीने शिकवलं.

इथे शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. त्याआधी बालवाडीतून एक कागद आला, आकृत्यांसकट. पुस्तकांची पिशवी 30 बाय 40 सेंटिमीटर, बुटांची वेगळी, डब्याची वेगळी, पेल्याची वेगळी, नाडी कुठे आणि बंद किती लांब तेही लिहिलेलं. इथे या पिशव्या कितीतरी आया स्वतः शिवतात. विकतही मिळतात, पण आमच्या बालवाडीची मापं बाजारच्या मापांत बसत नव्हती. जोडीला पुसायची फडकीही हवी होती, जुना टॉवेल दुमडून चारी कडांना टीप आणि मधे फुली मारलेली. प्रत्येक वस्तूवर मुलाचं नाव हिरागाना लिपीत.

मी तो कागद घेऊन रडले होते. मूल साडेतीन वर्षांचं, भाषा धड येत नाही, आणि सहा पिशव्या.

शेजारच्या जपानी आजी मला निप्पोरीला घेऊन गेल्या. तिथे स्टेशनपासून निघालेल्या रस्त्यावर ओळीने कापडाचीच दुकानं आहेत, आपल्या मुंबईच्या मंगलदास मार्केटची आठवण यावी अशी, फक्त शांत. पिशव्यांसाठी मधे पातळ कापूस भरून टिपा मारलेलं कापड तयार मिळतं, ते घेतलं. मशीन भारतातून आणायचा विचार सोडून दिला, कारण इथे वीज 100 व्होल्टची आहे आणि आपली मोटर 230 ची. पहिली पिशवी हातानेच शिवली.

माप देते, कोणाला उपयोग होईल. 30 बाय 40 च्या पिशवीला एकच तुकडा कापायचा, रुंदी 42, लांबी 66. बाजूंना एकेक सेंटिमीटर शिलाई, वरच्या दोन्ही कडांना तीन-तीन सेंटिमीटर दुमड. बंद त्या दुमडीत खोचून दोनदा टीप. खाली जोड येत नाही, त्यामुळे पुस्तकांच्या वजनाने उसवत नाही.

अस्तराला कापड कमी पडलं तेव्हा आईने निघताना बॅगेत भरलेलं जुनं इरकल लुगडं काढलं. मुलाला तेव्हा नाव वाचता येत नव्हतं. पहिल्या दिवशी खुंट्यांवर पंचवीस पिशव्या टांगलेल्या, त्यातून आपली कशी ओळखलीस विचारलं तर म्हणाला, "आत हात घातला. आजीचं लागलं."

बेळगाव, दोन मुली

गोधडीबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. मुलींच्या लहान झालेल्या कपड्यांची मी गोधडी शिवते आहे, तीन वर्षं झाली, संपलेली नाही. मशीन नाही, हातानेच धावदोरा. मुलं आजूबाजूला असताना करता येण्यासारखं एवढं एकच शिवण आहे असं माझं मत आहे. सुई कापडात खोचून कधीही उठता येतं आणि परत येऊन तोच टाका पुढे चालवता येतो.

आमच्या खाली हल्याळ-यल्लापूर भागात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात. जुन्या कपड्यांचे तुकडे एका कोपऱ्यापासून लावत, कडेकडेने फिरत मध्यापर्यंत यायचं. शेवटी चारी कोपऱ्यांना छोटे दुमडलेले तुकडे लावतात, त्यांना फुलं म्हणतात. मीही कोपऱ्यांना फुलं लावणार आहे. धाकटीचं पाचवीचं टोपडं त्यासाठीच जपून ठेवलंय.

अमरावती, एक मुलगा

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

माझ्या मुलाचे दोन्ही पाय जन्मतः आत वळलेले होते. दर आठवड्याला नवं प्लास्टर, मांडीपासून बोटांपर्यंत, अशी सहा झाली. मग बूट, आणि दोन्ही बुटांना जोडणारी आडवी पट्टी. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, पुढे फक्त झोपताना, चार वर्षांचा होईपर्यंत. उपचार चांगला आहे, आज तो धावतो. पण त्या दिवसांत त्याला घालायला काही मिळायचं नाही. कुठलीही चड्डी त्या पट्टीवरून जात नाही. शिंप्याने ऐकून घेतलं आणि असलं आम्ही करत नाही म्हणाला.

मग मी शेजारणीच्या मशीनवर बसले. एका घोट्यापासून वर येऊन दुसऱ्या घोट्यापर्यंत, पायांच्या आतल्या बाजूने संपूर्ण उघडणारी विजार. दोन्ही कडांना दीड इंचाची दुहेरी पट्टी आणि त्यावर अकरा टिचबटणं. कापड होजिअरीचं, जुन्या टी-शर्टांचं. टिचबटणाखाली आतून सुती तुकडा लावलाच पाहिजे, नाहीतर धातू मांडीला टोचतो. पहिल्या विजारीत मी तो लावला नव्हता आणि सकाळी अकरा लाल ठिपके होते. पोंचे दोन इंच जास्त रुंद, बुटावरून यावेत म्हणून.

अशा चौदा विजारी शिवल्या. तो मोठा झाला तशा एकेक दिल्या. दवाखान्यात सोमवारी अशा मुलांच्या आया रांगेत बसलेल्या असतात, बाळांचे पाय दुपट्यात गुंडाळून. शेवटची एक विजार ठेवली आहे, तिच्यावरून कागदी साचा काढून देते. कोणाला हवा असेल तर सांगा.

नाशिक

अमरावतीच्या ताई, मला हवा. माझ्या भाचीच्या बाळाला दुसरं प्लास्टर लागलंय. होजिअरी शिवताना माझ्या मशीनवर टाके सुटतात, तुम्ही कोणती सुई लावली होती?

अमरावती

गोल टोकाची, 11 नंबर. साधी सुई होजिअरीचे धागे तोडते, म्हणून टाके सुटतात. शिवताना कापड ओढू नका, जाईल तसं जाऊ द्या. आणि कंबरेला इलॅस्टिक लावण्याआधी बाळाला बसवून माप घ्या. झोपवून घेतलेलं दूध प्यायल्यावर काचतं. साचा आज रात्री काढते.

पुणे

एक प्रत मलाही द्या, जपून ठेवीन. लेकीच्या नव्या फ्रॉकचं कापड काल भिजवलं होतं, आत्ता दोरीवर वाळतंय. या वेळी दाब पाच इंच.