पलंगाखालचा सेन्सरचा दिवा: मदत हवी आहे

आई रात्री दोन-तीनदा उठते. मोठा दिवा लावला की झोप उडते, म्हणून अंधारातच चाचपडत जाते. परवा पलंगाच्या पायाला ठेचकाळली, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. पलंगाच्या कडेला आतून १२ व्होल्टची एलईडी पट्टी आणि पीआयआर सेन्सर (माणसाची हालचाल टिपून दिवा लावणारा) लावलाय. २७०० केल्विनचा पिवळसर उजेड फरशीवर छान पसरतो, तिच्या चपला लगेच दिसतात. पण कूस बदलताना तिचा हात खाली लोंबला तरी दिवा लागतो आणि ती दचकते. सेन्सर आणखी आत, जमिनीकडे तोंड करून लावू का? की त्याच्या भिंगाची एक बाजू चिकटपट्टीने झाकू? टायमर किती मिनिटांवर ठेवावा? ती परत येईपर्यंत उजेड हवाच. कुणी असं केलं असेल तर कृपया सांगा.