मदत हवी आहे : वारसाहक्काची जमीन, दस्तात क्षेत्र कोणतं लिहावं?
मोकळी जमीन, चार वारस, दलाल नाही, खरेदीदार थेट. वारसनोंद झालीय, जमिनीवर बोजा (कर्ज, तारण) नाही. घोडं अडलंय मोजणीवर. जुन्या दस्तात 1,000 चौरस मीटर, जागेवर भरतात 962; पूर्वेकडची हद्दीची खूण शेजाऱ्याच्या कुंपणात गेलीय. खरेदीदार म्हणतो, जुनंच क्षेत्र लिहा. तसं केलं तर उरलेले 38 चौरस मीटर उद्या विकणाऱ्यांच्याच गळ्यात येणार. त्यापेक्षा दर चौरस मीटरवर ठरवून, प्रत्यक्ष क्षेत्र लिहून मोजणीचा नकाशा दस्ताला जोडला तर चालेल का? की साठेखताआधीच (विक्रीचं ठरल्याचा लेखी करार) शेजाऱ्याशी हद्द मिटवावी?

शिवाय एक वारस परदेशात असतो. त्याचं मुखत्यारपत्र फक्त सहीपुरतं ठेवावं ना? (पैसे चौघांच्या खात्यांत वेगवेगळेच, त्यात तडजोड नाही.)