विरघळणाऱ्या स्टेंटवर एवढा भरवसा कशाच्या जोरावर ठेवला?

ओसरी :
बाबांना २०१४ साली हृदयाच्या वाहिनीत अ‍ॅब्सॉर्ब, म्हणजे अ‍ॅबट कंपनीचा विरघळणारा स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवला. 'तीन वर्षांत विरघळून जाईल, आत काही राहणार नाही' हे वाक्य आम्हाला इतकं भावलं की धातूच्या स्टेंटपेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजताना घरात कोणी हूं की चूं केलं नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये अ‍ॅबटने त्याची विक्री थांबवली, ते आम्हाला पेपरातून कळलं. बाबा ठणठणीत आहेत, रडगाणं त्याचं नाही. पण नंतर आकडे वाचले. अ‍ॅब्सॉर्ब-३ या अमेरिकी चाचणीत २००० च्या वर रुग्ण होते. तीन वर्षांत स्टेंटमध्ये गुठळी होण्याचं प्रमाण विरघळणाऱ्यात २.३ टक्के, धातूच्यात ०.७. नेदरलँड्समधल्या आयडा चाचणीत दोन वर्षांत ३.५ विरुद्ध ०.९, तिथे तर निकाल वेळेआधीच जाहीर करावे लागले. 'विरघळतं' म्हणजे 'सोसतं' असं आपण परस्पर ठरवून टाकलं, असं माझं मत.

चिवट :
अहो, पॉलिमरला, म्हणजे या स्टेंटच्या प्लास्टिकला, का झोडताय? पॉलिलॅक्टिक आम्ल पाण्याने तुटत तुटत लॅक्टिक आम्ल होतं, पुढे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. लॅक्टिक आम्ल शरीराला रोजचंच आहे. याच कुळातले टाके १९७० च्या दशकापासून माणसांना घालतायत. अडचण विषाची नाही, ताकदीची आहे. स्टेंटच्या जाळीतली कोबाल्ट-क्रोमियम धातूची ८१ मायक्रॉन जाडीची पट्टी जो भार पेलते, त्यासाठी या प्लास्टिकला दीडशेच्या वर लागतात. ओढ्यात दुप्पट जाड दांडकी रोवल्यावर गाळ अडकणारच! पट्टी पातळ करा. वापीच्या मेरिल कंपनीने १०० मायक्रॉनची केलीच की.

कॅथलॅबवाला :
टाक्यांचं उदाहरण इथे आणू नका. टाक्याचा तुकडा सुटला तर कातडीखाली पडून राहतो. स्टेंटची पट्टी भिंतीत नीट रुतायच्या आत सुटली तर ती थेट रक्ताच्या प्रवाहात लोंबते.
आणि बसवणं म्हणाल तर, हे प्लास्टिक एक्स-रेवर दिसतच नाही. दोन्ही टोकांना प्लॅटिनमचे ठिपके असतात, तेवढेच दिसतात. मधलं सगळं अंदाजाने. स्टेंट उघडणारा फुगा कमी फुगवला तर पट्टी भिंतीला टेकत नाही, जास्त फुगवला तर चिरते. धातूवर बसलेला हात तसाच चालवला, सव्वादोन मिलिमीटरपेक्षा बारीक वाहिन्यांतही हे घातले गेले. निम्मं पाप हातांचं.

ओसरी :
दादा, त्याच चाचण्यांत धातूचाही त्याच हातांनी बसवला होता ना? शिवाय अ‍ॅब्सॉर्ब-४ मध्ये बारीक वाहिन्या टाळून, तंत्र सुधारून पाहिलं. तरी पाच वर्षांत उपचार फसण्याचं प्रमाण १७.५ विरुद्ध १४.५ टक्के. जे फक्त उस्तादाच्याच हातात चालतं, ते बाजारात का आणायचं?

चिवट :
सोयीचे आकडे उचलताय. अ‍ॅब्सॉर्ब-३ मध्ये तीन वर्षांनंतर, म्हणजे ते विरघळून गेल्यावर, दोघांतला फरक जवळजवळ मिटला, हे का नाही लिहिलंत?

ओसरी :
मिटला, मान्य. पण पहिल्या तीन वर्षांत ज्यांना गुठळी झाली, त्यांना त्याचा काय उपयोग?

मोगरी :
सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये विरघळणाऱ्या आणि औषध सोडणाऱ्या धातूच्या, दोन्ही स्टेंटना २९,६०० रुपयांची एकच कमाल किंमत लावली, म्हणून अ‍ॅब्सॉर्ब गेला असं आमच्याकडे एकजण ठासून सांगतात. जगभर विक्री थांबली ती काय आपल्या किमतीमुळे होय?
माझा प्रश्न वेगळा. आईला मधुमेह आहे, पायाची जखम भरत नाही. गुडघ्याखालच्या वाहिनीसाठी याच जातीचा एस्प्रिट एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला म्हणे. तो चांगला ना?

चिवट :
हेच तर म्हणतोय! त्याची पट्टी ९९ मायक्रॉन. २६१ रुग्णांच्या चाचणीत वर्षभरात पाय वाचणं, वाहिनी उघडी राहणं वगैरे धरून ७४ टक्के यश. दुसऱ्या बाजूला ४४.

कॅथलॅबवाला :
दुसऱ्या बाजूला स्टेंट नव्हताच, नुसता फुगा फुगवून वाहिनी उघडली होती, ते खाल्लंत. हृदयात सामना चांगल्या धातूच्या स्टेंटशी होता, म्हणून हरला.
मोगरीताई, आईंच्या पायाचा अँजिओग्राम झालाय का? वाहिनी कुठे आणि किती लांब बंद आहे ते आधी कळू दे. जखम काळी पडत असेल तर इथल्या उत्तरांची वाट बघू नका, उद्याच दाखवा.